मुलीनं ऑर्थो घ्यावं का? घ्यावं. बाकीचं 'सीट वाया जाते' म्हणणाऱ्यांसाठी

प्रश्न असा आहे: "मुलगी एमबीबीएस झाली, नीट पीजीत रँक बरी आली, ऑर्थोपेडिक्सच घेणार म्हणते. सोलापूरसारख्या ठिकाणी मुलीला हे जमेल का? आणि या शाखेत मुली वाढाव्यात म्हणून नेमकं काय करायला हवं?"

जमेल. मी सोलापुरातच हाडांची डॉक्टर आहे. हा प्रश्न कुणी विचारला की माझं बीपी वाढतं, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

ताकदीचा मुद्दा पहिल्यांदा उरकून टाकू. निखळलेला खुबा बसवायला पैलवान लागत नाही. पेशंटला व्यवस्थित भूल हवी, कंबर टेबलाला पट्ट्यानं बांधलेली हवी. मग आपला एक पाय टेबलावर, आपला गुडघा पेशंटच्या दुमडलेल्या गुडघ्याखाली, आणि टाच हळूहळू वर. सगळं काम पोटरी करते, दंडाला फारसं काही नसतं. खट्ट आवाज येतो आणि आखडलेला पाय सरळ होतो. बाकी ड्रिल बॅटरीवर चालतं आणि मोडलेला पाय ओढून धरायचं काम फ्रॅक्चर टेबल करतं. ज्याला आजही अंगाच्या जोरावर हाडं बसवावी लागतात, त्यानं आपल्या भूलतज्ज्ञाशी बोलावं.

आता खरं दुखणं. आपल्याकडे पीजीची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाची, सीट रँकवर मिळते, मुलाखतबिलाखत काही नसते. अमेरिकेत मुलाखती घेऊन निवडतात. तिथल्या ऑर्थोपेडिक अकादमीत पहिली बाई, रूथ जॅक्सन, 1937 साली गेली. तिच्या नावानं बायकांनी 1983 मध्ये आपली संघटना काढली, तरी आजही तिथल्या ऑर्थो सर्जनांत बायका दहा टक्क्यांच्या आतच. आपल्याकडे दार सताड उघडं, आणि डिपार्टमेंटच्या ग्रुप फोटोत बाई एखादीच, तीही कडेला. म्हणजे मुलींना काउन्सेलिंगमध्ये, सीटवाटपाच्या वेळी, कुणी अडवत नाही. आधी घरचे आणि हॉस्टेलवरचे सीनियर अडवतात: गायनॅक घे, डर्मा घे, रेडिओ घे, संसार नीट होईल. त्यातूनही जी घुसते तिला युनिटमध्ये झिजवतात. घरचं तुम्ही बघून घ्या. युनिटचं मी सांगते.

माझं पीजी सोलापूरबाहेर झालं, कॉलेजचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या वर्षात मी गरोदर राहिले. लग्न झालेलं, वय तिशीला टेकलेलं, अजून किती थांबायचं? युनिटच्या सरांना सांगायला गेले. ते व्ह्यू बॉक्सवरचा एक्सरे बघत होते. माझ्याकडे न वळताच म्हणाले, "तरी मी म्हणत होतो. मुलींना दिली की सीट वाया जाते." सीट त्यांनी दिली नव्हती, माझ्या रँकनं घेतली होती. पण पास-नापास ज्याच्या हातात असतं त्याच्याशी वाद कोण घालतो?

दुसऱ्या दिवसापासून मी ओटीच्या, ऑपरेशन थिएटरच्या, बाहेर. कारण काय, तर सी-आर्मचं (ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं मशीन) रेडिएशन आणि पोटातलं बाळ. ऐकायला किती छान! अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम सांगतो की बाईनं गरोदर असल्याचं कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाता कामा नये. तिला काढून टाका असं नियमात नाही. डोस मोजत राहा, एवढाच त्याचा अर्थ. मोजायला टीएलडी बॅज लागतो, आणि आमचे बॅज कपाटात कुलूपबंद असायचे, इन्स्पेक्शन आलं की निघायचे. रेडिएशन अडवणारे शिशाचे लेड ॲप्रन सगळे एकाच मापाचे, सहाफुटी माणसाला बेतलेले. मी घातला की खांद्यावरून घसरायचा आणि काखेपाशी अख्खा पंजा आत जाईल एवढी फट राहायची. स्तनाचा कॅन्सर सगळ्यात जास्त होतो तो काखेकडच्या वरच्या भागात. महिला ऑर्थो सर्जनांत त्याचं प्रमाण जास्त असल्याचे अभ्यास अमेरिकेत झालेले आहेत. मग गरोदर राहीपर्यंत माझ्या छातीची काळजी कुणालाच का नव्हती? बाळ आलं आणि एकदम सगळ्यांना रेडिएशन आठवलं! मापाचा ॲप्रन, काखेला आडोसा, गळ्याला थायरॉइड कॉलर, सी-आर्मची एक्सरे ट्यूब टेबलाच्या खालच्या बाजूला, आणि शॉट मारताना मागे सरकणं. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो, हे बारावीच्या फिजिक्समध्ये आहे. सांधा पक्का करायचं बोन सिमेंट कालवताना त्याची वाफ सुटते, तेवढं बाहेर जायचं. एवढं केलं असतं तर काम चालू राहिलं असतं.

त्याऐवजी मला प्लास्टर रूम मिळाली, आणि सरकारी जनआरोग्य योजनेचे प्रीऑथ, म्हणजे ऑपरेशनआधी मंजुरी मागायचे फॉर्म, भरायचं काम. स्कॅनरवर एक्सरे ठेवा, फोटो काढा, अपलोड करा, क्वेरी आली की परत करा. बाळंतपणाच्या रजेवर गेले तर बदली माणूस कुणी दिला नाही. माझ्या रात्रपाळ्या माझ्या को-पीजींच्या, बरोबर शिकणाऱ्यांच्या, डोक्यावर बसल्या. त्यातल्या एकानं माझ्याशी बोलणंच टाकलं. त्याला मी दोष देत नाही, तो सलग दोन-दोन रात्री जागा होता. पण तो चिडला माझ्यावर. बदली माणूस न देणाऱ्यांच्या केबिनमध्ये मात्र चहा प्यायला जायचा.

परत आले तोवर ज्युनिअर मुलं इंटरलॉकिंग नेलिंग (मोडलेल्या हाडात सळई घालून स्क्रूनं पक्की करणं) करायला लागली होती. मी जखम उघडी ठेवायचा रिट्रॅक्टर धरून उभी. टर्म वाढली, परीक्षा जवळ आली आणि एकदा माझं लॉगबुक, केसेस नोंदवायची वही, त्या को-पीजीच्या लॉगबुकशेजारी उघडं पडलं. त्याच्या रकान्यात "ऑपरेटिंग सर्जन" ओळीनं. माझ्यात "असिस्टेड, असिस्टेड, ऑब्झर्व्हड". आणि सर व्हायव्हाच्या, तोंडी परीक्षेच्या, आधी सगळ्यांदेखत म्हणाले, "हिचा हात अजून बसला नाही." हातात ड्रिलच दिलं नाही तर हात बसणार कसा, सर? सीट वाया घालवली ती तुम्ही, रजेनं नाही. हे तेव्हा बोलायचं राहिलं होतं, आज इथं लिहून टाकते.

हात माझा बसला तो सोलापुरात येऊन, खासगी नोकरीत. उसाचा हंगाम सुरू झाला की रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर उभ्या, त्यात मोटरसायकली घुसायच्या. मोहोळकडून, मंगळवेढ्याकडून, अक्कलकोटकडून. तिथं कुणाला बाई-पुरुष बघायला सवड नव्हती, केसेस पडून होत्या.

ओपीडीत गंमतच असते. पहिली काही वर्षं लोक एक्सरेचं पाकीट माझ्या कंपाउंडरच्या हातात द्यायचे आणि मला म्हणायचे, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" पण एक आजी आठवतात. खुब्याचं हाड मोडलेलं, वर हाडवैद्याची पट्टी, आणि पडून आठवडा होऊन गेलेला. सून सांगत होती की त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही, मोठ्या दवाखान्यात नेलं तर पुरुष डॉक्टर बघून लुगडं घट्ट धरून बसल्या. मला बघून म्हणाल्या, "बाई हाय व्हय? मग बघ." ठिसूळ हाडं आणि झिजलेले गुडघे दोन्ही बायकांतच जास्त. त्यात आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका, दिवसभर मांडी घालून मान खाली. माझी निम्म्याहून जास्त ओपीडी बायकांची आहे. त्यांना लागणारी डॉक्टर तयारच करायची नाही आणि वर म्हणायचं बायका उशिरा येतात!

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: महिला दिनाला गुलाब देऊन काही होत नाही. दर सहा महिन्यांनी सगळ्या पीजींची लॉगबुकं शेजारी शेजारी मांडा, पहिला सर्जन म्हणून कुणी किती केसेस केल्या ते भिंतीवर लावा. रजेवर गेलेल्याच्या जागी माणूस द्या. ओटीत सहा आणि साडेसहा नंबरचे ग्लोव्हज ठेवा, साडेसातच्या ग्लोव्हमध्ये बोटाच्या टोकाला सुरकुती पडते आणि स्क्रू निसटतो. चेंजिंग रूमचंही बघा. "डॉक्टर्स" असं लिहिलेल्या खोलीत मुलं कपडे बदलायची, मी सिस्टरांच्या खोलीत. उद्याची केस कोण करणार हे त्या पहिल्या खोलीत ठरायचं, मला टेबलवर आल्यावर कळायचं. नियम आता बरे आहेत. 2023 च्या पीजी नियमावलीत प्रसूती रजा सरकारी नियमांप्रमाणे दिली आहे, बापालाही पितृत्व रजा आहे, आठवड्याची सुट्टी आहे (कागदावर). मर्यादेबाहेर रजा गेली तर टर्म वाढते, तेवढं मुलीला माहीत असू द्या. कॉलेजचा चॉइस भरण्याआधी तिनं एचओडींना (विभागप्रमुखांना) भेटू नये, तिथल्या पीजी मुलींना फोन करावा आणि लॉगबुकात काय लिहिलं जातं ते विचारावं.

काही गोष्टी मी सोयीस्करपणे लिहिल्या नाहीत, त्याही सांगते. माझं बाळ माझ्या सासूबाईंनी सांभाळलं, त्यांनी सांभाळलं नसतं तर मी आज कदाचित फॉर्मच भरत असते. सगळे सर तसे नसतात, मला खुब्याचं पहिलं ऑपरेशन ज्यांनी करू दिलं तेही पुरुषच होते. आणि सोलापुरात स्वतःचं हॉस्पिटल टाकायचं तर सी-आर्मपासून सगळ्याला कर्ज, रात्रीचे फोन, हे मुलगा असो की मुलगी, सारखंच. त्यावर वेगळा प्रश्न विचारा.

ते सर रिटायर झालेत. मागे एका कॉन्फरन्समध्ये भेटले, "ही माझी स्टुडंट" म्हणून चार लोकांना ओळख करून दिली आणि लगेच म्हणाले, "तुझा आवाज छान आहे, सूत्रसंचालन तू कर." स्टेजवर खुब्याच्या फ्रॅक्चरवर पॅनेल होतं, बसलेले सगळे पुरुष. मी म्हटलं, पॅनेलवर खुर्ची असेल तर बसते, पुष्पगुच्छ द्यायला दुसरं कुणीतरी बघा. सर हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. आता ते काम भूलशास्त्राच्या एका नवीन मुलीला दिलंय असं कळलं. आज रात्री तिला फोन करणार आहे.