मुलीला (वय ९) जळगावात कराटे क्लासला घालायचंय. क्लास सुरक्षित आहे हे कसं ओळखावं?

फी भरण्याआधी दोन-तीन दिवस संध्याकाळी पूर्ण वेळ क्लास बघत बसा. पालकांना बसूच देत नसतील तर तिथे घालू नका. सरांचा ब्लॅक बेल्ट त्यांचं कौशल्य सांगतो, लहान मुलं सांभाळता येतात की नाही हे नाही. बघताना एवढं टिपा:

- लढतीच्या जोड्या वय-वजन पाहून लावतात का, की नऊ वर्षांच्या पोरीसमोर आठवीतला पोरगा?
- खाली मॅट आहे की नुसती फरशी?
- डोक्याला मार लागला तर लगेच थांबवतात, की ‘काही होत नाही, ऊठ’?

एकट्या मुलाला वेगळं थांबवून शिकवणं किंवा मुलांना परस्पर मेसेज करणं चालवून घेऊ नका. लैंगिक त्रासाचा संशय आला तर पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, क्लासचालकालाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधला दुपारचा क्लास सरळ टाळा, आपल्याकडचं ऊन काय सांगायचं! मात्र हातापायावर एखादा काळानिळा डाग दिसला म्हणून लगेच क्लास सोडू नका, या खेळात तेवढं लागतंच.