'मेंदूमृत रुग्ण' म्हणावं का?

एका वाचकाने विचारलं आहे: "'मेंदूमृत रुग्णाचे अवयवदान' अशी बातमी नेहमी वाचतो. रुग्ण म्हणजे आजारी, म्हणजेच जिवंत. मग तो मृत कसा? आणि सरकारी फलकावर 'मस्तिष्क स्तंभ मृत्यू' असं लिहिलेलं पाहिलं. ते हेच का?"

हो, ते हेच. आणि तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. 'मेंदूमृत रुग्ण' ही जोडी चुकीची आहे, आणि ही चूक व्याकरणापाशी थांबत नाही.

आधी शब्दाची घडण पाहू. मराठीत '-मृत' शेवटी असलेले जुने शब्द आठवून बघा: जीवन्मृत, अर्धमृत. दोन्ही जिवंत माणसासाठीच वापरतात. मृतप्राय, मृतवत यांचंही तेच. त्यामुळे 'मेंदूमृत' हा शब्द कानावर पडला की तो आपसूक त्याच रांगेत जाऊन बसतो: माणूस आहे, फक्त मेंदू गेलाय. त्यापुढे 'रुग्ण' जोडला की उरलासुरला संशयही मिटतो, पण भलत्या बाजूने.

कायद्याने हा घोळ ठेवलेला नाही. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा (२०११ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या नावात 'ऊती'ही आल्या) मृत व्यक्ती कोणाला म्हणायचं ते सांगताना दोन वाटा देतो. हृदय आणि श्वास कायमचे थांबले तर मृत्यू, आणि मस्तिष्क स्तंभाचं (मेंदूचा बुंध्याकडचा, श्वास चालवणारा भाग; इंग्रजीत ब्रेन स्टेम) सगळं काम कायमचं, परत न येण्यासारखं थांबलं तरीही मृत्यूच. दोन्हींत उजवं-डावं नाही. महाराष्ट्र आणि गोवा हा कायदा सर्वांत आधी स्वीकारणाऱ्या राज्यांत होते. १९९५ च्या फेब्रुवारीपासून तो आपल्याकडे लागू आहे.

मग इतक्या वर्षांत शब्द अंगवळणी का पडला नाही? मला वाटतं, आपली भाषा मरण ओळखते ते श्वासावरून. 'नाकाशी सूत धरणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. नाकपुडीपाशी दोरा धरायचा. हलला तर माणूस आहे, नाही हलला तर गेला. 'धुगधुगी आहे अजून' हेही तसंच. प्राण जातो, श्वास थांबतो, नाडी सुटते. मेंदूने मरण्याचा एकही वाक्प्रचार आपल्याकडे नाही. असेल कसा? व्हेंटिलेटर येईपर्यंत अशी अवस्था दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आता दोरा धरला तर हलतो, पण त्याला हलवतं यंत्र. हृदयाला ठोक्याची स्वतःची लय असते, प्राणवायू मिळेल तोवर ते चालतं. अंग गरम लागतं.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीचे दीर अपघातानंतर एका रुग्णालयात होते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मावशी आणि तिची जाऊ, म्हणजे त्या दिरांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या. डॉक्टर आले आणि म्हणाले, "पेशंट ब्रेन डेड आहेत." काकूंनी विचारलं, "मग शुद्धीवर कधी येतील?" कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने रुग्णालयातल्या अवयवदान समन्वयक बाई आल्या, काकूंच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, ते गेले आहेत. छाती हलतेय ती मशीनमुळे." काकू तेव्हा रडल्या. अवयवदानाचा विषय त्यानंतर निघाला, आणि तो त्यानंतरच निघायला हवा होता.

बाईंनी वापरलेला शब्द होता 'गेले'. पारिभाषिक नव्हे, पण अचूक.

कोमाशी होणारी गल्लतही इथूनच येते. कोमातल्या माणसाचा मस्तिष्क स्तंभ जिवंत असतो, म्हणून परतीची वाट उरते. मेंदूमृत्यूत ती उरत नाही. म्हणूनच तपासणी एवढी कडक आहे: चार डॉक्टरांचं मंडळ, प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतलं त्यात कोणी नाही, आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या. त्यातली एक तर आपल्या सुताच्या दोऱ्याचीच पुढची पायरी आहे. व्हेंटिलेटरपासून काही मिनिटं वेगळं करून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि स्वतःहून एक तरी श्वास येतो का ते पाहतात.

एक गाठ मात्र कायद्यातही आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातली मृत्यूची व्याख्या मेंदूचं नाव घेत नाही. त्यामुळे मेंदूमृत्यू हा शब्द आपल्याकडे अवयवदानाच्या कायद्यालाच चिकटून राहिला, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा दानासाठी काढलेला वेगळा मृत्यू आहे. केरळने २०२० मध्ये मेंदूमृत्यूच्या प्रमाणपत्राची मार्गदर्शक तत्त्वं दानापासून वेगळी काढली. मला ते फार योग्य वाटतं. घरच्यांना आधी मरण कळावं, दानाचं मग विचारावं.

आता 'मस्तिष्क स्तंभ'. परिभाषा म्हणून बरोबर आहे, फलकावर राहू दे. पण 'स्तंभ' ऐकून डोळ्यांपुढे खांब येतो, नाहीतर 'स्तंभित' आठवतं. समजावून सांगताना मी 'मेंदूचा देठ' म्हणतो. देठ काय करतो हे कोणाला शिकवावं लागत नाही.

तर लिहिताना नाम वापरा, विशेषण नको. 'मेंदूमृत्यू' एकत्र लिहा, मध्ये जागा नको. 'मेंदूमृत रुग्णाचे अवयव' ऐवजी 'मेंदूमृत्यू झालेल्या व्यक्तीचे अवयव'. 'दान होईपर्यंत त्यांना जिवंत ठेवलं' असंही छापून येतं. तिथे 'अवयव कार्यरत ठेवले' लिहा. आणि 'व्हेंटिलेटर काढल्यावर मृत्यू झाला' हे तर लिहूच नका, कारण मृत्यू त्याआधीच झालेला असतो. काकूंकडे तिथी धरतात ती दुसरी चाचणी झाली त्या दिवसाची. तेव्हा गुरुजींनी विचारलं होतं, गेले कधी? काकूंनी तीच वेळ सांगितली.