पावती फाडायला विसरू नकोस

प्रिय मुला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ओव्हरटाइमचे पैसे मागितले म्हणून तुझ्या सोबत्याला गोदामाच्या गेटवरूनच परत पाठवलं, हे वाचून जीव तळमळला. युनियन करून आम्हाला मिळणार काय, असं तू विचारतोस.

मी पोती वाहायचो तेव्हाची गोष्ट सांगतो. शंभर किलोचं पोतं, हातात आकडा, पाठीवर गोणपाटाची घडी. हमाली किती, ते शेठ संध्याकाळी मनाला येईल तसं सांगायचा. आमच्यातल्या एकाने हिशेब मागितला, तर "उद्यापासून येऊ नको." दुसऱ्या दिवशी ट्रक लागला आणि अख्खी टोळी पोत्यांवर बसून राहिली. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. दुपारी त्याला घरून बोलावून आणलं. विचारणारा एकटा पडला नाही, युनियन मला त्या दिवशी कळली.

पण एका दुपारवर पोट भरत नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव यांच्यामागे हमाल वर्षानुवर्षं उभे राहिले, तेव्हा 1969 चा माथाडी कायदा झाला. टोळीची सरकारने नेमलेल्या माथाडी मंडळात नोंद, मजुरी मंडळातून, आणि मालकाने मजुरीच्या वर भरायची ठरावीक रक्कम, म्हणजे लेव्ही. त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार. ज्याला धड मालकच नव्हता, त्या माणसाच्या हातात पासबुक आलं! रविवारची सुट्टीही अशीच आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजारांनी अर्जावर सह्या-अंगठे केले, आणि सुट्टी मिळाली 1890 मध्ये. सहा वर्षं लागली, हे ध्यानात ठेव.

तू वहीपासून सुरुवात कर. कोण किती वाजता आला, किती वाजता सुटला, रोजच्या रोज लिही. वर्गणी दहा रुपये असली तरी पावती फाड. पैशाचा संशय आला की संघटना आतून पोखरली जाते. जो घाबरतो त्याला भित्रा म्हणू नकोस, त्याच्या घरी जाऊन चहा पी. आणि संपाचं नाव काढण्याआधी प्रत्येकाच्या घरात किती दिवसांचं रेशन आहे ते विचार. मुंबईत 1982 च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले होते. त्यांच्या किती घरांत चूल थंडावली, ते मी पाहिलंय.

येत्या रविवारी ये. त्या सोबत्यालाही आण. वही नसली तरी चालेल, माझ्याकडे कोरी आहे.

तुझा,
काका