वर्गात मोफत व्हिडिओ आणि खेळ दाखवते, पण दोन दिवसांनी मुलांना काहीच आठवत नाही. काय चुकते आहे?

आपण गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत सहावी-सातवीला विज्ञान आणि गणित शिकवता, वर्गात एक प्रोजेक्टर व एक लॅपटॉप आहे आणि इंटरनेट आपल्याच मोबाईलवरून जोडावे लागते, असे आपण लिहिले आहे. व्हिडिओ सुरू झाला की वर्ग चिडीचूप होतो, खेळ लावला की उत्साहाला उधाण येते, पण दोन दिवसांनी तोच प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही, ही आपली तक्रार. मुलांना संकेतस्थळांवर नावे नोंदवायला लावावीत का, असेही आपण विचारले आहे. मी शेजारच्या डिचोली तालुक्यात 19 वर्षे विज्ञान शिकवत आहे आणि यातील पहिली काही वर्षे मीही नेमके हेच अनुभवले, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते आपली निवड चुकत नसावी. तो व्हिडिओ तासात कोणत्या क्षणी येतो, तिथे चूक होते. आपण बहुधा धडा समजावून सांगता आणि मग तो 'नीट समजावा' म्हणून व्हिडिओ दाखवता, किंवा थेट व्हिडिओनेच सुरुवात करता. दोन्ही वेळा मूल प्रेक्षक असते. ऑस्ट्रेलियातील डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात 2008 साली पूर्ण केलेले पीएच.डी.चे संशोधन याच विषयावर होते. पुढे ते 'व्हेरिटासियम' या विज्ञानवाहिनीमुळे जगभर परिचित झाले. त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला भौतिकशास्त्राचे स्वच्छ, सोपे स्पष्टीकरण असलेले व्हिडिओ दाखवले, तर दुसऱ्या गटाला असे व्हिडिओ दाखवले की ज्यांत आधी विद्यार्थ्यांच्या मनातील चुकीची समजूत बोलून दाखवली जाते आणि मग तिची उकल होते. पहिल्या गटाला व्हिडिओ आवडले, सोपे वाटले, आपल्याला समजले याची खात्रीही वाढली, पण परीक्षेतील गुण फारसे हलले नाहीत. दुसऱ्या गटाला व्हिडिओ गोंधळाचे आणि डोक्याला ताण देणारे वाटले, तरी गुण मात्र त्यांचेच वाढले. सोपे स्पष्टीकरण ऐकताना मूल मनातल्या मनात 'हे मला ठाऊकच आहे' असे म्हणते आणि जी चुकीची कल्पना घेऊन बसले होते तीच घेऊन उठते. आपल्या वर्गातील ती शांतता बऱ्याच अंशी या प्रकारची असावी.

त्यामुळे मी आता कोणताही व्हिडिओ किंवा प्रयोगचित्र (पडद्यावर हाताळता येणारा प्रयोग, म्हणजे सिम्युलेशन) लावण्यापूर्वी मुलांकडून अंदाज घेतो, आणि तो वहीत लिहून घेतो, कारण तोंडी दिलेला अंदाज उत्तर दिसताच बदलतो. विजेच्या मंडलाचे (सर्किटचे) उदाहरण घ्या. एकाच घटाला एकामागे एक असे दोन सारखे बल्ब जोडले तर कोणता अधिक उजळेल, असे विचारले की निम्मा वर्ग 'पहिला' म्हणतो, कारण त्यांच्या मते पहिला बल्ब वीज 'खाऊन टाकतो' आणि दुसऱ्याला उरलेली मिळते. हे लिहून झाल्यावरच मी 'फेट' (PhET) या संकेतस्थळावरील मंडल-संच पडद्यावर उघडतो. ही प्रयोगचित्रे नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन यांनी 2002 साली अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेल्या प्रकल्पातून आली आहेत, पूर्णपणे मोफत आहेत आणि त्यांतील अनेक मराठीतही मिळतात. आपल्यासाठी महत्त्वाचे म्हणजे यांतील बहुतेक प्रयोगचित्रे एकेका फाईलच्या रूपात उतरवून घेता येतात आणि मग इंटरनेटशिवाय चालतात.

दोन्ही बल्ब सारखेच उजळलेले दिसतात तेव्हा वर्गात जी कुजबुज होते, तोच शिकवण्याचा क्षण असतो. तिथे मी काहीही समजावत नाही; 'पहिल्या बल्बने वीज खाल्ली असेल तर असे का दिसते?' एवढेच विचारतो आणि थांबतो. त्यानंतर टेबलावर खरे घट, खरे बल्ब आणि तारा मांडतो. याच मंडल-संचावर 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते, की त्यावर काम केलेले महाविद्यालयीन विद्यार्थी पुढे खरे मंडल जोडण्यातही, खऱ्या साहित्यावर सराव केलेल्यांपेक्षा सरस ठरले. तरीही मी खरे बल्ब सोडत नाही. पडद्यावर तारेतून निळे गोळे सरकताना दिसतात, म्हणून इलेक्ट्रॉन निळे असतात असे दोन मुलींनी उत्तरपत्रिकेत लिहिले होते. शिवाय पडद्यावरची तार कधी सैल होत नाही. खरा बल्ब पेटला नाही तेव्हा एका मुलाने मला सांगितले, 'सर, ह्या बल्बाक सायन्स कळना.' त्यानंतर तो सैल जोड शोधण्यात अर्धा तास गेला आणि तो तास वाया गेला असे मला आजही वाटत नाही.

भाषेचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण गोव्यात तो टळत नाही. आपल्याकडे बरीच मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमातून शिकतात आणि पाचवीपासून अचानक इंग्रजीत येतात. चांगले मोफत व्हिडिओ बहुतांशी इंग्रजीत असतात आणि तेही असे उच्चार, अशा वेगाने की मुलांची सगळी शक्ती शब्द पकडण्यातच संपते. मी आवाज बंद करतो. चित्र त्यांचे, निवेदन माझे. यामुळे मला हवे तिथे थांबता येते आणि मुलांचेच शब्द वापरता येतात. भरती-ओहोटी शिकवताना ओहोटी हा शब्द पुस्तकातला वाटतो, पण 'सुकती' म्हटले की नदीकाठच्या मुलांच्या डोळ्यांपुढे फेरीबोटीचा उघडा पडलेला धक्का येतो. त्या पाठाच्या आदल्या आठवड्यात मी खाजनाजवळ (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीजवळ) राहणाऱ्या मुलांना मानशीवर, म्हणजे बांधातील पाण्याच्या दारावर, भरतीची वेळ रोज टिपायला सांगतो. भरती दिवसाला साधारण 50 मिनिटांनी उशिरा येते हे त्यांच्याच वहीत दिसते. मग पृथ्वी आणि चंद्राचे चलच्चित्र लावून, चंद्राकडच्या बाजूला पाणी फुगलेले दिसताच ते थांबवतो आणि विचारतो, की असे असेल तर दिवसातून एकदाच भरती यायला हवी, मग तुमच्या वहीत दोनदा कशी? पलीकडच्या बाजूचा फुगवटा दाखवण्यापूर्वीचा हा विराम कधीकधी दहा मिनिटे चालतो. व्हिडिओ असतो दोन मिनिटांचा.

लांबीबद्दल म्हणाल तर 'एडएक्स' या ऑनलाईन अभ्यासक्रमांच्या मंचावरील लाखो पाहण्यांचे 2014 साली विश्लेषण झाले, तेव्हा लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात असे दिसले होते, आणि ती मंडळी स्वतःहून शिकायला आलेली होती. बारा वर्षांच्या मुलांना वीस मिनिटांचा माहितीपट दाखवणे म्हणजे शिक्षकाने विश्रांती घेणे होय. (मीही घेतली आहे, गणेशचतुर्थीच्या सुट्टीपूर्वीचा शेवटचा तास सर्वांनाच माहीत आहे.)

कुठले साहित्य घ्यावे, याची यादी देत बसत नाही. केंद्र सरकारच्या 'दीक्षा' मंचावर 2017 पासून बरेच साहित्य जमा झाले आहे आणि एनसीईआरटीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरून तिथे जाता येते, पण त्यातील काही व्हिडिओ म्हणजे केवळ चित्रित केलेला फळा असतो, तेव्हा आधी स्वतः पाहिल्याशिवाय वापरू नये. याउलट अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊ वस्तूंपासूनच्या खेळण्यांच्या चित्रफिती डोळे मिटून घ्याव्यात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर ते त्रिकोणाची घट्टता आणि चौकोनाची लवचीकता दाखवतात. त्यांच्या अनेक चित्रफिती मराठीतही आहेत, दीड-दोन मिनिटांत संपतात आणि त्या संपल्या की मुलांचे हात कामाला लागतात. मला अभिप्रेत असलेला व्हिडिओ तो हाच.

मला सापडलेला सर्वांत उपयोगी मोफत 'व्हिडिओ' मात्र धडा शिकवण्यासाठी बनवलेलाच नाही. गूगल अर्थमध्ये 1984 पासूनची उपग्रहचित्रे एकामागून एक सरकताना पाहता येतात. ती मी आमच्या डिचोलीवर आणून थांबवतो. हिरव्या डोंगरावर एक तांबूस ठिपका उमटतो, वर्षागणिक पसरतो, दुसऱ्याला जाऊन मिळतो. या मुलांपैकी कित्येकांच्या वडिलांचे खनिजवाहू ट्रक होते आणि 2012 मध्ये खाणी बंद झाल्याची गोष्ट घरात अनेकदा बोलली गेलेली असते. खंदक भूजलपातळीच्या खाली गेला आणि त्यातील पाणी सतत उपसत राहिले, तर आसपासच्या विहिरींचे काय होईल, हा प्रश्न मग पुस्तकातला राहत नाही. एका मुलाने आजीच्या विहिरीची हकीकत सांगितली आणि दुसऱ्याने, खाण चालू होती म्हणून आपल्या भावाचे कॉलेज झाले, असे ठणकावून सांगितले. दोघेही खरे बोलत होते आणि मी मध्ये पडलो नाही. सत्तरीत आपल्याला याच साधनावर अंजुणे धरणाचा जलाशय पाहता येईल.

आता खेळ. मोफत खेळांपैकी बहुतेक खेळांत गणित हे जकातनाक्यासारखे असते. बेरीज करा, मग राक्षसावर एक गोळी झाडायला मिळते. मुलाचे लक्ष राक्षसावर असते आणि बेरीज ही कशीतरी उरकायची पावती ठरते. ज्या खेळात गणित हीच चाल असते, तोच निवडावा. फेटवरील अपूर्णांक जुळवण्याच्या खेळात आकृतीचे तुकडे जोडूनच दिलेला अपूर्णांक तयार करावा लागतो; गणित टाळून पुढे जाताच येत नाही. दुसरी कसोटी घड्याळाची आहे. जे जलद उत्तराला जास्त गुण देतात ते प्रश्नमंजूषेचे खेळ मी उजळणीसाठी क्वचित वापरतो आणि नवा पाठ शिकवताना कधीच नाही, कारण तिथे तीच चार मुले जिंकतात आणि उरलेली अंदाजपंचे बटण दाबायला शिकतात.

आपल्याकडे एकच लॅपटॉप आहे, ही अडचण समजू नका. मी तिघांचा गट पुढे बोलावतो. ज्याच्या हाती माऊस असेल त्याने बोलायचे नाही आणि इतर दोघांनी सांगितल्याशिवाय हलवायचाही नाही. दर दोन मिनिटांनी माऊस फिरतो. त्यामुळे 'तो तुकडा तिकडे ने' असे म्हणून भागत नाही, 'एक चतुर्थांशाचे दोन तुकडे घे' असे बोलावे लागते. बाकीचा वर्ग वहीत पुढची चाल लिहून ठेवतो आणि गटाची चाल चुकली तर तिथूनच पुढचे तिघे येतात.

तयारीविषयी थोडक्यात. एकदा माझ्या सातवीच्या वर्गात पचनसंस्थेच्या व्हिडिओआधी पैसे लावून पत्ते खेळण्याची जाहिरात मोठ्या आवाजात सुरू झाली आणि आतड्यांपेक्षा तीच मुलांना जास्त लक्षात राहिली. तेव्हापासून मी व्हिडिओ घरून निघण्यापूर्वीच यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये, जिथे सोय असेल तिथे, उतरवून ठेवतो, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करतो आणि वर्गात जाण्यापूर्वी एकदा पूर्ण पाहतो. पावसात वीज जाणार हे गृहीत धरून त्या पाठाचा बिनविजेचा अर्धा भाग पिशवीत असू द्या. हक्कांची चिंता फार करू नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये अध्यापनाच्या ओघात केलेल्या वापराला सवलत आहे. मात्र दुसऱ्याचा व्हिडिओ स्वतःच्या वाहिनीवर पुन्हा चढवणे त्यात बसत नाही.

आणि नावनोंदणी करू नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक धरली आहे, आणि 'मोफत' संकेतस्थळ बहुधा त्या माहितीवरच चालते. वर सांगितलेल्यांपैकी कशालाही मुलांचे खाते लागत नाही. सर्वांची उत्तरे एकाच वेळी हवी असतील तर 'प्लिकर्स'सारखे साधन पाहा. त्यात मुले छापील कार्डे चार बाजूंपैकी हव्या त्या बाजूने वर धरतात आणि शिक्षकाचा एकच मोबाईल ती टिपतो. तिथे मी मुलांच्या नावांऐवजी हजेरीचे क्रमांकच भरतो.

सुरुवात विजेच्या मंडलानेच करा, फाईल आज घरीच उतरवून ठेवा, आणि दोन दिवसांनी प्रश्न विचाराल तेव्हा आधी मुलांना वहीतला स्वतःचा चुकलेला अंदाज वाचायला सांगा.