रात्री दोन वाजता घरात काय हवं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. सोमवारपासून तू ठाणे-ऐरोली-कोपरखैरणे पट्ट्यात शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटच्या होम केअरच्या भेटींना जाशील. वॉर्डातलं काम तुला येतंच. पण घरी आपण जेमतेम तासभर असतो, उरलेला वेळ पेशंट सून, मुलगा, बायको यांच्या हातात असतो. शेवटच्या आठवड्यात रात्री दोनला अँब्युलन्ससाठी जी धावाधाव होते, ती बहुतेकदा टाळता येण्यासारखी असते. पुढे काय दिसेल आणि तेव्हा काय करायचं, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं. तुझ्या भेटीचं खरं काम हे सांगण्याचं आहे.

सुरुवात मॉर्फिनपासून, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या औषधापासून कर, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ असं मानून घरचे गोळ्या कपाटात ठेवतात आणि पेशंट कळवळला की एक देतात. दुखणं एकदा चढलं की ते खाली आणायला जास्त औषध लागतं. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून वेळा अशा: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्रीचा डोस बऱ्याचदा दुप्पट लिहिलेला असतो, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. वेळा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटव. मधल्या कळेसाठी डॉक्टरांनी जादा डोस लिहिलेला असतो. तो कधी दिला ते वहीत टिपायला सांग, पुढचा डोस त्यावरूनच ठरतो.

पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू हवं. चिठ्ठीवर ते नसेल तर तिथूनच डॉक्टरांना फोन कर. आपल्याकडे लगेच इसबगोल देतात. पाणी कमी पिणाऱ्या, मॉर्फिनवरच्या माणसाच्या पोटात त्याचा गोळा होतो, ते बंद करायला सांग. लघवी कमी होऊन हातपाय झटके देऊ लागले, माणूस बरळू लागला किंवा जागं करूनही उठेना, तर मूत्रपिंड थकून औषध साठत असल्याची शक्यता असते. पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं.

नाक्यावरच्या केमिस्टकडे मॉर्फिन बहुधा मिळत नाही. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंत कमी झाली, तरी साठा मुख्यतः मान्यताप्राप्त संस्थांकडेच असतो. त्यामुळे दर भेटीत गोळ्या मोज. पाच दिवसांच्या उरल्या की कुणीतरी आणायला निघालंच पाहिजे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला मुलगा आणि घरात संपलेली पाकिटं, असं होऊ देऊ नकोस.

घर नीट बघ. कोपरखैरण्याच्या माथाडी घरांत जिना अरुंद आणि उभा असतो, किसननगरच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नसते. पेशंट चालता आहे तोवरच खाट खालच्या मजल्यावर, खिडकीशी आणि संडासाजवळ आणायला सांग. एअर बेड घेतला म्हणून कूस बदलणं सुटत नाही, दर दोन तासांनी ते हवंच. ओढून सरकवू नये, खालच्या चादरीसकट दोघांनी उचलावं. माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. लाल झालेली जागा चोळायची नाही. रबरी रिंग तर नकोच, तिच्या कडेचा दाब जखम वाढवतो.

‘त्यांना काही सांगू नका’ हे वाक्य तुला बहुतेक दारातच ऐकू येईल. भांडू नकोस, पण खोटं बोलायचं कबूलही करू नकोस. खुर्ची ओढून बस आणि पेशंटलाच विचार, “काका, तुम्हाला स्वतःला या आजाराबद्दल काय वाटतं?” मग गप्प राहा. बहुतेकांना बरंच कळलेलं असतं.

आता जेवणाचं. “पोटात काही नाही, सलाईन तरी लावा” असं म्हणणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर नवरा उपाशी चाललेला असतो, तिला दोष देऊ नकोस. शेवटच्या दिवसांत भूक आजारामुळेच जाते आणि गिळणं मंदावतं. बळेच पाजलेली पेज श्वासनलिकेत जाते, सलाईनचं पाणी अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढवतं. तिला करण्यासारखं काम दे: दर एक-दोन तासांनी ओल्या कापसाने तोंड पुसणं, ओठांना साजूक तूप लावणं. मागितलं तर आणि गिळता येत असेल तरच चमचाभर शहाळ्याचं पाणी.

धाप लागली तर खिडकी उघडावी, पाठ उंच करावी आणि छोटा पंखा गालावर-नाकावर धरावा. घरघर लागली तर एका कुशीवर वळवावं. सक्शनने, म्हणजे नळीने घशातला स्राव ओढून काढण्याने, क्वचितच फायदा होतो आणि त्रास होतो, औषध डॉक्टर सांगतील. श्वासांत मोठे खंड पडतात, हातपाय गार पडतात, हे अपेक्षित आहे असं आधीच सांगून ठेव. तगमग सुरू झाली तर झोपेच्या औषधाआधी ओटीपोट तपास. तुंबलेली लघवी हे नेहमी निसटणारं कारण आहे.

काही घरांत हे जमणारच नाही, सांभाळायला माणूसच नसतं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांना विनामूल्य ठेवून घेतं. पण फुप्फुस, मूत्रपिंड किंवा मेंदूच्या आजारांना ते दार नाही, तिथे घरच भक्कम करावं लागतं.

व्हेंटिलेटर नको असेल तर पेशंट शुद्धीत असतानाच लिहून ठेवायला सांग. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते मान्य केलं. २०२३च्या बदलानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

घरी मृत्यू झाला की स्मशानात डॉक्टरांचा दाखला मागतात, घरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४अ. रात्री तीनला कधीही न पाहिलेल्या पेशंटसाठी कुणी सही करत नाही. म्हणून जवळच्या फॅमिली डॉक्टरांना आधीच एकदा घरी बोलवायला लाव आणि फाइल दाखव. नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहिलं जावं. नोंदणी महापालिकेत २१ दिवसांच्या आत.

उरलेल्या गोळ्या मोजून, सही घेऊन केंद्रात परत आण. त्या कुणाच्या गुडघेदुखीसाठी घरात राहता कामा नयेत. तेराव्यानंतर एकदा पुन्हा जा. सेवा करणारीची स्वतःची बीपीची गोळी कित्येकदा महिनाभर चुकलेली असते, तेव्हा मशीन बरोबर ने.

कळावे,
तुझी सिस्टर