जिवाणूंचे पेट्रोल पंपावर का आले नाही?

प्रश्न : दक्षिण कोरियातील एका प्राध्यापकांनी जिवाणूंकडून पेट्रोल तयार करून घेतल्याची बातमी २०१३ मध्ये वाचली होती. ते पेट्रोल अद्याप बाजारात का आले नाही, आणि तसे असेल तर त्या संशोधकांची कारकीर्द यशस्वी म्हणावी का?

उत्तर : आपण उल्लेखिलेले संशोधक म्हणजे देजॉन येथील ‘काइस्ट’ या संस्थेतील प्रा. सांग यूप ली. जैवइंधनाच्या संशोधनामुळे ते जीवशास्त्रज्ञ असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांचे शिक्षण रासायनिक अभियांत्रिकीचे आहे. १९८६ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठाची पदवी आणि १९९१ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते १९९४ मध्ये काइस्टमध्ये रुजू झाले. पेशीकडे कारखाना म्हणून पाहण्याची त्यांची दृष्टी या शिक्षणातूनच आली असावी.

२०१३ च्या प्रयोगात हीच दृष्टी दिसते. ई. कोलाय हा जिवाणू स्वतःच्या गरजेपुरती मेदाम्ले (चरबीचे घटक असलेली आम्ले) बनवतो. ली आणि त्यांच्या सहकाऱ्याने ती मोडून खाण्याची त्याची वाट बंद केली, मेदाम्लांची साखळी आखूड राहील अशी तजवीज केली आणि शेवटच्या टप्प्यासाठी अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीतील, पानांवरील मेणाशी संबंधित असलेले एक जनुक जिवाणूत बसवले. त्यातून पेट्रोलमध्ये असतात तशी हायड्रोकार्बन संयुगे मिळाली. मात्र उत्पादन होते लिटरमागे सुमारे ५८० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरभर द्रवातून एक मिलिलिटरही इंधन नाही. बातम्यांच्या मथळ्यांत हा आकडा सहसा नव्हता, हे ओघाने आलेच.

हा आकडा वाढवणे केवळ चिकाटीचे काम नाही. ग्लुकोजपासून मेदाम्लाचा कच्चा घटक बनतानाच त्यातील एक तृतीयांश कार्बन हा कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो. शिवाय पेशीला जगण्यासाठी आणि वाढण्यासाठी साखर लागते ती वेगळीच. कोरियासारख्या, जवळजवळ सर्व खनिज तेल आयात करणाऱ्या देशाला असे इंधन हवेसे वाटणे स्वाभाविक आहे; पण साखरेपासून बनलेल्या इंधनाला किमतीत खनिज तेलाशी टक्कर द्यावी लागते आणि तिथे ते मागे पडते. कोरियात आज डिझेलमध्ये सक्तीने मिसळले जाते ते वनस्पती तेले, वापरलेले खाद्यतेल अशा पदार्थांपासूनचे बायोडिझेल. त्याचे प्रमाण २०१५ मध्ये २.५ टक्के होते, ते २०२४ मध्ये ४ टक्के झाले.

ब्युटेनॉलच्या, म्हणजे इंधन म्हणून वापरता येणाऱ्या एका अल्कोहोलच्या, बाबतीत ली यांचा गट अधिक पुढे गेला, असे मला वाटते. क्लॉस्ट्रिडियम जिवाणू ब्युटेनॉल बनवतो खरा, परंतु ते साचू लागले की तोच त्याने मरतो. २०१२ मध्ये या गटाने जिवाणूतील ब्युटेनॉलकडे जाणारी थेट वाट बळकट केली आणि तयार होणारे ब्युटेनॉल सोबतच बाहेर काढत सुमारे १.९ किलो ग्लुकोजपासून ५८५ ग्रॅम उत्पादन मिळवले.

कारकिर्दीचे मोजमाप पंपावरून करणे मला पटत नाही. गुरांच्या पोटातून वेगळा केलेला मॅनहायमिया हा जिवाणू घ्या : तो कार्बन डायऑक्साइड वापरून सक्सिनिक आम्ल बनवतो, आणि ली यांच्या गटाने त्याचा जनुकसंच उलगडून २००४ मध्ये प्रसिद्ध केला. असे आम्ल प्लॅस्टिकसारख्या वस्तूंचा कच्चा माल ठरते आणि इंधनापेक्षा जास्त भावाने विकले जाते, त्यामुळे तेथे हीच पद्धत किफायतशीर ठरण्याची शक्यता पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक आहे.