रिपोर्टमध्ये काही नाही, मग दुखतंय काय?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४९. लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या दुकानात ११ वर्षं कामाला आहे. इमारतीतलं टॉयलेट तिसऱ्या मजल्यावर, सगळ्या गाळ्यांना मिळून एकच, म्हणून मी पाणीच कमी पिते. गेल्या आठ महिन्यांत चार वेळा उन्हाळी लागल्यासारखं झालं. लघवी भरली की ओटीपोटात दुखायला लागतं, जाऊन आलं की बरं वाटतं, अर्ध्या तासात पुन्हा तेच. ताप नाही. चारही वेळा अँटिबायोटिक घेतलं, दोनदा डॉक्टरांनी दिलं आणि दोनदा जुनी चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून आणलं. शेवटच्या वेळी गोळ्या सुरू झाल्यावर कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) केलं, 'ग्रोथ नाही' असं आलं. सोनोग्राफी नॉर्मल. पाळी वर्षभर मागेपुढे होतेय. घरी म्हणतात, तुझ्या मनाचं आहे. नक्की काय असेल?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : ताई, मनाचं नाही. दुखणं खरं आहे, फक्त ते कशाचं आहे हे अजून कोणी नीट शोधलेलं नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : भरली की दुखतं, जाऊन आलं की बरं वाटतं. जंतुसंसर्गात जळजळ मुख्यतः लघवी होताना आणि शेवटच्या थेंबांना होते. भरताना दुखणं आणि रिकामं झाल्यावर सुटणं हे मूत्राशयाच्या अस्तराच्या दुखण्याचं लक्षण असू शकतं. त्याला ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. त्यात जंतू सापडत नाहीत, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. पण हे दुखणं आपणहून कमीजास्त होतं, आणि कमी व्हायच्या वेळी गोळ्या चालू असल्या की श्रेय गोळ्यांना जातं. पाचव्या वेळी तीच जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका, अगदी कळकळीने सांगते.

अर्थात संसर्ग नाहीच, असंही तुमच्या कल्चरवरून म्हणता येत नाही. एकदोन डोस पोटात गेले की जंतू असूनही ते बहुधा वाढत नाहीत. पुन्हा त्रास झाला तर पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली बाटलीत धरायची आणि बाटली लगेच लॅबमध्ये पोचवायची. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर असते, त्यामुळे आतड्यातले ई-कोलाय जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. आणि दिवसभर पाणी कमी पिऊन लघवी अडवून धरली, की आलेले जंतू धुतले जात नाहीत.

दुसरी गोष्ट तुमच्या पाळीची. ती जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) कमी होतं, योनीची आणि मूत्रनलिकेच्या तोंडाची त्वचा पातळ, कोरडी होते. त्याचीही अशीच जळजळ होते, आणि संसर्गही वारंवार होतो. हे सोनोग्राफीत दिसत नाही, रक्तातही नाही. त्यासाठी टेबलावर घेऊन तपासावं लागतं. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंय, पण कोणी तपासल्याचं त्यात कुठेच नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाने बऱ्याच जणींना खूप आराम पडतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते मात्र आधी सांगा. गर्भाशय आणि अंडाशय त्याच वेळी तपासून होतील.

आता तुमच्या लघवीच्या साध्या रिपोर्टमध्ये पस सेल्स, म्हणजे पू-पेशी, किती आहेत ते बघा. हे विचारण्यामागे कारण आहे. बावीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई यायची. कायम दाराजवळच्या खुर्चीत बसायची, कारण दर वीस मिनिटांनी तिला उठून जावं लागायचं. पस सेल्स भरपूर, कल्चर दरवेळी कोरं. मी तीनदा अँटिबायोटिक बदललं. शेवटी एका ज्येष्ठ यूरॉलॉजिस्टनी (मूत्ररोगतज्ज्ञांनी) पहाटेच्या पहिल्या लघवीचे सलग तीन दिवस नमुने घ्यायला सांगितले, तेव्हा क्षयाचे जंतू निघाले. साध्या कल्चरमध्ये ते वाढत नाहीत. तोवर तिचं मूत्राशय आक्रसलं होतं. ते महिने मी तिला परत देऊ शकले नाही. तुम्हाला क्षयच आहे असं मी मुळीच म्हणत नाही, पण पस सेल्स आहेत आणि ग्रोथ नाही, असा रिपोर्ट आला तर ही तपासणी मागून घ्या. सरकारी रुग्णालयात ती आणि क्षयाची औषधंही मोफत मिळतात.

मुतखड्याची कळ बहुधा कमरेतून जांघेकडे उतरते, माणूस एका जागी बसू शकत नाही. पण खडा मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी येऊन अडकला तर नुसतं घाईचं लागतं, आणि सोनोग्राफीत तो कधी कधी निसटतो. यूरॉलॉजिस्टना शंका आली तर ते सीटी स्कॅन सांगतील. बद्धकोष्ठाचंही विचारायला हवं. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, आणि वर्षानुवर्षं लघवी धरून ठेवल्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले राहतात. ते सैल कसे करायचे हे फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या, लघवी अडणं किंवा लघवीत रक्त, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त दुखत नसताना दिसलं तरीसुद्धा, आणि मिश्री किंवा तंबाखू असेल तर अधिकच. उजवीकडे खाली एकाच जागी दुखणं वाढत गेलं तर अपेंडिक्स बघायला हवं.

आता तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता गेलात, घरातल्या मापाने किती मिली झाली, जाण्याआधी दुखत होतं की जाताना, आणि त्याआधी काय प्यायलात. दुकानातले चहा त्यात मोजा. चहा, कॉफी, लिंबू, टोमॅटो, तिखट यांनी असं मूत्राशय चिडतं. पाणी एकदम तांब्याभर नको, दिवसभर थोडं थोडं प्या, आणि दर तीन तासांनी तिसरा मजला चढा. गिऱ्हाईक समोर असलं तरी सोबतच्या बाईला सांगून जा. मालकांना तब्येतीचं कारण स्पष्ट सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझ्याकडे यायचं असेल तर सकाळी या. वही, चारही चिठ्ठ्या आणि रिपोर्ट सोबत आणा, आणि घरून निघताना लघवीला जाऊन येऊ नका. नमुना इथेच घेऊ. टॉयलेट तळमजल्यावर आहे.